पिठल्याला मागितलेला चमचा

आई, तुझा डबा मिळाला.

हे आधी सांगून टाकते, कारण दुसरं काहीही बोलायला लागले असते तरी तू मध्येच हात उडवून, "ते असू दे गं, डबा दिला का त्यांनी?" असंच विचारलं असतंस. दिला. दोन पुडांचा, स्टीलचा, झाकणाला एका बाजूला पोचा आलेला आणि पोच्याखाली तुझं नाव. इतकी वर्षं पोलिसांच्या कोठीत लाखेचा शिक्का लावून पडलेला डबा आता माझ्या ओट्यावर आहे. घासलेला नाही अजून. त्याला कारण आहे, ते पुढे येईल, लगेच कपाळाला हात लावू नकोस.

दुसरी बातमी म्हणजे घरमालकांना कोणी मारलं ते कळलं. तुला ही बातमी शिळी वाटेल. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत तूच म्हणाली होतीस, "आता वर गेले की मालकांनाच विचारते, कोणी मारलं हो तुम्हाला? या पोलिसांच्यानं काही व्हायचं नाही." नर्सला मराठी येत नव्हती म्हणून बरं. त्यामुळे तुला पहिल्याच दिवशी कळलं असणार, आणि मग तुम्ही दोघं तिथल्या नळावरून भांडायला मोकळे झाला असणार. आम्हाला इथे खाली मात्र फार वेळ लागला. एखादं स्वप्न पाडायचंस की गं मला, तेवढंच काम लवकर झालं असतं.

तो डबा घेतला तो दिवस मला लख्ख आठवतो. बेगम बाजारात मी तुझा पदर धरून चाललेय, बाबा पिशवी घेऊन मागे, आणि तू भांड्यांच्या दुकानात मांडी ठोकून बसलीयेस. "इत्ता महंगा कायकू भैया? चांदी मिलाए क्या इसमें?" दुकानदार हसतो, भाव उतरवतो, तू आणखी उतरवतेस. बाहेर पायरीवर भांड्यांवर नाव घालणारा बसलेला आहे, त्याच्या हातातलं यंत्र डासासारखं गुणगुणतंय. तो बाबांकडे बघून विचारतो, "साब का नाम बोलो." तू मध्येच म्हणतेस, "साब का नाम कायकू? पकाती मैं, नाम साब का?" आणि स्वतःचं नाव घालून घेतेस, पूर्ण, सौभाग्यवतीसकट. बाबा तेव्हा नुसती पिशवी सावरत होते. पुढे सगळं घडून गेल्यावर एकदा जेवताना म्हणाले, "माझं नाव घातलं असतंस तर ठाण्यात मला नेलं असतं. पण तुझं मेलं सगळ्यात पुढेपुढे." तू हसलीस, तेही हसले.

गौलीगुड्यातल्या त्या घराचं अंगण एक आणि नळही एक. एका बाजूला आपण, दुसऱ्या बाजूला मालक. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, दात पडलेले, त्यामुळे पान लोखंडी खलबत्त्यात कुटून खायचे. त्या खलबत्त्याच्या आवाजानं आपली सकाळ व्हायची. मग नळावर तुमचं भांडण, आणि संध्याकाळी तुझ्या हातचा डबा त्यांच्या घरी. यातलं काहीच कधी चुकलं नाही. "म्हातारा पाणी सोडेल तर शपथ," असं म्हणत तू पोळी लाटायचीस आणि त्याच दमात मला सांगायचीस, "त्यांच्या वरणात तिखट नको घालू, पोट बिघडलंय त्यांचं." जुन्या लुगड्याच्या हिरव्या काठाच्या फडक्यात बांधून डबा मी पोचवायची. सकाळी तो परत यायचा, स्वच्छ धुतलेला आणि आत थोडी साखर. भांडं रिकामं परत करायचं नाही, हे बायको गेल्यावरही मालकांनी सोडलं नाही. आदल्या दिवशी भांडण मोठं झालं असलं की साखरही जास्त असायची. तू साखर बघून ओळखायचीस, "आज म्हाताऱ्याला वाईट वाटलंय हं."

त्या दिवशी तुमचं भांडण फारच मोठं झालं. मालकांनी नळाला कुलूप घातलं आणि तू भर अंगणात ओरडलीस, "तुमच्या डोक्यात वरवंटा घालीन!" आता हे वाक्य आपल्या घरात कोणी ऐकलं नव्हतं? पाढे चुकले की मी ऐकायची, दूध उतू गेलं की बाबा ऐकायचे, मांजरसुद्धा ऐकायचं. संध्याकाळी तरीही डबा गेलाच, वर भाजीला फोडणी चुरचुरीत. दुसऱ्या दिवशी खलबत्त्याचा आवाज आला नाही आणि डबाही आला नाही, म्हणून तू स्वतः आणायला गेलीस. मालक जमिनीवर पडले होते, डोकं फुटलेलं. बाजूला त्यांचाच खलबत्ता, फुटलेला काचेचा पेला, तुझा डबा, आणि बाजेखाली रक्तानं भिजलेलं तुझं फडकं. तेव्हाची तुझी हाक मला अजून ऐकू येते. या सगळ्यातली तेवढी एकच गोष्ट मला हसत सांगता येत नाही.

दार फोडलेलं नव्हतं, चोरी झालेली नव्हती. डब्यावर नाव तुझं, फडकं तुझं आणि आदल्या दिवशीची धमकीही तुझीच. इन्स्पेक्टर स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, "अम्मा, वरवंटा किधर है?" तू त्याला तो दाखवलास, चटणी लागलेला, आणि विचारलंस, "चाय पीते ना?" तो म्हणाला, "नक्को." झालं. पोलिसानं संशय घेतला याचं तुला तेवढं वाटलं नाही जेवढं चहा नाकारल्याचं वाटलं. दिवसभर तेच, "संशय घेऊ दे, त्याचं कामच आहे ते. पण चहा? माझ्या घरचा चहा?" मग तुला वरचेवर ठाण्यात बोलवायला लागले. तू बाकावर बसून अंबाडीची भाजी निवडायचीस, घरचं काम अडून राहू नये म्हणून, आणि येणारे-जाणारे शिपाई विचारायचे, "अम्मा, गोंगूरा?" पुरावा पुरेसा नव्हता, तुला अटक झाली नाही. शेवटच्या दिवशी तू इन्स्पेक्टरला म्हणालीस, "हो गया ना आपका? अब मेरा डब्बा देओ." तो म्हणाला, "मुद्देमाल है अम्मा, केस खुली है, नै मिलता." तेव्हापासून मी अफझलगंजच्या ग्रंथालयात जायला निघाले की तुझं ठरलेलं, "जाता जाता ठाण्यात डोकावून ये गं, डब्याचं काय झालं ते." मी कॉलेजात जाणारी पोर, लाजेनं मरायची.

पण खरी गोष्ट ठाण्यातली नाही, ती पिठल्याची आहे. मालक सापडले त्याच दुपारी त्यांचा पुतण्या आला, सख्ख्या भावाचा मुलगा. तार मिळाली तसा परगावाहून बसनं आलो म्हणाला. रडला इतका की बाबांना त्याला धरून बसवावं लागलं. पण अग्नी द्यायची वेळ आली तर म्हणतो, माझा विधींवर विश्वास नाही. लांबच्या कुठल्या नातेवाइकानं दिला मग. संध्याकाळी सुतकाच्या घरात चूल पेटत नाही म्हणून तू रीतीप्रमाणे पिठलं-भात करून नेलास. पोलीस सकाळीच तुझ्या वरवंट्याची चौकशी करून गेलेले, तरी नेलास. मी पाण्याचा तांब्या घेऊन तुझ्यामागे. तू वाढलंस, आणि तो म्हणाला, "चमचा आहे का?" आई, तुझा तो चेहरा! पिठलं-भाताला चमचा! मी धावत जाऊन घरून चमचा आणला. त्यानं अंगावरची शाल तशीच ठेवून डाव्या हातानं जेवायला सुरुवात केली. "ऑफिसात सवय झालीय," म्हणाला. घरी येताना तू पदर तोंडाला लावून हसत होतीस. "चुलता गेलाय, अंगण भरून रडतोय, आणि पिठल्याला चमचा लागतो साहेबाला! विधी नकोत, हातानं जेवण नको, मोठा सुधारक!"

त्यानंतर तो चमचा आपल्या घरात कायमचा राहायला आला. कोणी जरा शिष्टपणा केला की तू म्हणायचीस, "पिठल्याला चमचा देऊ का?" माझ्या लग्नात व्याह्यांनी काटे मागितले तेव्हा तू मला कोपरानं ढोसलंस आणि आपण दोघी भरमांडवात खुसखुसत बसलो. पण त्याच वर्षांत दुसरंही काही चाललं होतं, त्याबद्दल तू चकार शब्द काढला नाहीस. आपल्या मराठी मंडळाच्या होळीला पुरण तुझंच असायचं. त्या वर्षी दत्ताच्या देवळामागच्या काकू आल्या आणि इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "या खेपेला आचारी लावलाय, तुम्हाला उगीच त्रास कशाला." तू म्हणालीस, "बरं झालं." तू दिवाळीचं फराळाचं पाठवत राहिलीस, आणि भांडी परत येत राहिली. धुतलेली, पुसलेली आणि रिकामी. साखरेचा दाणा नाही, गुळाचा खडा नाही. तू एकेक भांडं उचलून आत बघायचीस आणि फळीवर पालथं घालायचीस. मी ओरडायची, नको पाठवूस पुन्हा. तू म्हणायचीस, "पाठवायचं आपण असतं. भरायचं त्यांनी असतं." मरेपर्यंत पाठवलंस. मला एवढंच हवं होतं आई, की तुझं एक भांडं तरी भरलेलं परत यावं. तू असताना ते झालं नाही.

आता ऐक. मला एका पोलीस अधिकाऱ्याचा फोन आला. बाई आहे, माझ्या लेकीएवढी असेल, तेलुगू घरातली. जुने न सुटलेले खून पुन्हा तपासायला घेतलेत म्हणाली, घरी येऊ का? मी म्हटलं ये. ती आली, चपला दारात काढल्या, खुर्चीत बसली. मी घाबरत घाबरत विचारलं, "चाय लेते?" ती म्हणाली, "हौ आंटी, अद्रक डालो." तिनं चहा घेतला, आई. दोन कप. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीचच गाळणी धूत उभी राहिले.

मग तिनं सांगितलं. त्या काळी फक्त रक्तगट बघायचे. फडक्यावरचं रक्त मालकांच्याच गटाचं निघालं, म्हणून ते मालकांचंच धरून चालले. आता डीएनए तपासतात. एवढ्याशा डागावरून माणूस ओळखता येतो, बाई की पुरुष तेही, आणि कोणाच्या घराण्यातला तेही. फडकं कोरडं, सीलबंद, जसंच्या तसं राहिलं होतं. "आंटी, उस कपड़े पे दो जनों का ब्लड है. एक मालिक का. दूसरा भी जेंट्स का है, मालिक के खानदान का. अम्मा का नै है." मी तिला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. तिनं म्हटलं, न कंटाळता. मग विचारलं, "उनके घर का कोई याद है आपको?" मी म्हटलं, मालकांच्या घरचा मला एकच आठवतो, आणि सवयीनं तिला चमच्याची गोष्ट सांगितली, तुझ्या आवाजात, पदर तोंडाला लावून वगैरे. सांगून हसले. ती हसली नाही. तिनं विचारलं, "कौनसे हात से खाया?" मी म्हटलं, "डाव्या. बाएँ." "और सीधा हात?" "शालीत होता," मी म्हटलं, आणि माझं हसू तिथेच थांबलं.

इतकी वर्षं आपण दोघी ती गोष्ट सांगत होतो गं. लग्नात, बारशात, कुठे कुठे. उजवा हात कापलेला माणूस, अग्नी द्यायचा तर हात उघडा करावा लागेल, म्हणून विधी नको म्हणणारा; आणि आपण त्याला सुधारक म्हणून हसलो! कोणी हातानं जेवत नाही म्हटल्यावर आपल्याला एकच शंका येते, शिष्ट असणार. दुसरं काही सुचलंच नाही. तुला नाही आणि मलाही नाही.

तो सापडला. म्हातारा झालाय आता, दुसऱ्या राज्यात नातवंडांत राहत होता. न्यायालयाच्या परवानगीनं रक्त घेतलं आणि ते तंतोतंत जुळलं. मग त्यानं सांगितलं सगळं. आदल्या रात्री गुपचूप आला होता, घर माझ्या नावावर करा म्हणून. मालक म्हणाले, नाही. त्यानं खलबत्ताच त्यांच्या डोक्यात घातला. झटापटीत पेला फुटून त्याचा तळवा चिरला, तो त्यानं तुझ्या फडक्यात गुंडाळला, रक्त थांबेपर्यंत, आणि ते तिथेच टाकून निघून गेला. दुसऱ्या दिवशी रडायला परत आला. तुझ्या धमकीची गोष्ट शेजाऱ्यांकडून ऐकून पोलिसांना वाढवून सांगणाराही तोच. आणि तू त्याला पिठलं वाढलंस, आई, वर तुपाची धार धरून, "घ्या हो, पोटाला आधार हवा" म्हणत. या एका गोष्टीनं तू तिथे किती संतापली असशील, मला कल्पना आहे.

खटल्यात मला साक्षीला बोलावलं. चमचा मीच आणून दिला होता ना! त्याच्या वकिलानं मोठ्या ऐटीत विचारलं, एवढ्या वर्षांपूर्वीचा एक चमचा तुमच्या कसा लक्षात राहिला? मी म्हटलं, "साहेब, तो चमचा आमच्याकडे प्रत्येक सणाला असतो." न्यायाधीशसुद्धा हसले. आरोपीनं तेव्हा कठड्यावर हात ठेवला होता. त्याचा उजवा तळवा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला; मधोमध आडवी पांढरी रेघ होती. मला वाटलं होतं फार राग येईल. आला, पण तुझी आठवण त्याहून जास्त आली. त्याला शिक्षा झाली.

बातमी मंडळात पोचली. देवळामागच्या काकू अजून आहेत, ऐकू कमी येतं, तोंड तसंच चालतं. त्यांचा फोन आला, "मला तर तेव्हाच माहीत होतं हो, तुझी आई मुंगीसुद्धा मारायची नाही." मुंग्या तू रोज मारायचीस, साखरेच्या डब्याभोवती पावडर टाकून. मग म्हणाल्या, "होळीला पुरण करशील का? तिच्यासारखं?" मी हो म्हटलं. माझी पोळी तव्यावर फुटते हे तुला माहीत आहे, त्यांना नाही. माझी लेक म्हणाली, "मम्मी, टेन्शन नक्को, व्हिडिओ देखके कर लेंगे." तुझी नात अशी मराठी बोलते, आणि वाचताना तर अक्षराला अक्षर लावते. हे पत्र तिच्या हाती पडलं तरी पहिल्या ओळीपुढे जाणार नाही.

परवा ती अधिकारी पुन्हा आली. फडकं सरकारजमा राहिलं, पण डबा द्यायचा हुकूम झाला होता. सही झाली, तिनं पिशवीतून डबा काढून माझ्या हातात दिला. मी घेतला आणि आत काहीतरी सरसरलं. झाकण काढलं. साखर होती, धुतलेल्या वरच्या पुडात चांगली वाटीभर. ती जरा लाजून म्हणाली, "हमारे घर में भी खाली बर्तन वापस नै देते, आंटी. अम्मम्मा बहुत चिल्लाती." अम्मम्मा म्हणजे तिची आजी. तुझं भांडं भरून आलं, आई. पोलिसांकडून आलं! मी रडले, हसले, आणि त्या पोरीला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. पिठलंच केलं होतं. हातानं जेवली, बोटं चाटून.

ती साखर आधी देवापुढे ठेवायला हवी होती, निदान तुझ्या फोटोपुढे तरी. ठेवली नाही. ती पोर गेल्यावर ओट्याशी उभी राहून खायला लागले, थोडी तेव्हा, थोडी काल, आणि आज सकाळी संपली. बोटांना चिकटून एकही दाणा वाया जाऊ नये, म्हणून चमच्यानं. तळाशी चार दाणे चिकटलेत, म्हणून डबा घासवत नाही. आणि रिकामा ठेवायचा नाही, म्हणून हे पत्र घडी करून त्यातच ठेवतेय.